नाक कॉर्डचं, डिकी कॉन्टिनेन्टलची!

पैशांची चिंता नाही, गाडी एकच आणि दारं फक्त दोन. अमेरिकेच्या जुन्या गाड्यांमधून हवं ते उचलायची मुभा मिळाली, तर तुम्ही काय उचलाल? आम्ही प्रयत्न केला. आधी सॉलिड आपटलो, मग थोडं थोडं जमायला लागलं...

शुक्रवारची संध्याकाळ. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आम्ही तासभर एकाच जागी. पुढे पांढरी एसयूव्ही, मागे पांढरी एसयूव्ही, शेजारी करडी एसयूव्ही. माझी मैत्रीण प्रॉडक्ट डिझायनर आहे, त्यामुळे तिला अशा वेळी शांत बसवत नाही. म्हणाली, ''लोगो झाकले, तर यातली एक तरी गाडी तू ओळखशील का?'' नाही ओळखता येणार, हे मान्य केलं आणि तिथेच हा खेळ सुरू झाला. तिने बॅगेतून स्केचपॅड काढलं. नियम एकच : फक्त अमेरिकन गाड्या, त्याही जुन्या, आणि शेवटी जे तयार होईल ते एक 'लक्झरी कूपे' वाटलं पाहिजे. कूपे म्हणजे दोन दारं, लांब बॉनेट, मागे उतरता किंवा आटोपशीर टप. जिच्यात बसणाऱ्यापेक्षा जिच्याकडे बघणाऱ्यालाच जास्त मजा येते ती गाडी!

पहिलं चित्र मी काढलं. १९५९च्या कॅडिलॅकचे ते आभाळाला भिडणारे पंख हवेतच, म्हणून मागे लावले. १९७१च्या ब्युइक रिव्हिएराची बोटीसारखी निमुळती मागची काच तर माझी जाम लाडकी, तीही घेतली. पुढे १९५७च्या शेव्हरोलेचं क्रोम, बाजूला थंडरबर्डची गोल खिडकी. झालं! मैत्रिणीने बघितलं आणि गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, ''ही गाडी नाहीये. हे लग्नाचं स्टेज आहे.''

खरं होतं ते. सगळं भारी असलेलं एकत्र केलं की भारी होतं, हा फंडा मिसळीतही चालत नाही. फरसाणच फरसाण झालं की मटकी कुठे गेली ते कळत नाही. मग घरी येऊन वाचायला बसले, की ज्यांनी या गाड्या घडवल्या त्यांचं नेमकं काय जमलं होतं? आणि सापडली ती गंमत वेगळीच होती. मी ज्यांना 'ओरिजिनल' समजून त्यांचे तुकडे पाडत होते, त्या गाड्याच मुळात मिसळ होत्या.

सगळ्यांनीच ढापलं होतं

१९६३ची ब्युइक रिव्हिएरा घ्या. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख बिल मिचेल याने लंडनच्या धुक्यात एक रोल्स-रॉइस पाहिली आणि त्या करारी, धारदार कडांच्या टपाने त्याला झपाटलं, असा किस्सा सांगतात. त्याला हवी होती फेरारी आणि रोल्स-रॉइसच्या मधली गाडी. नेड निकल्सने ती कागदावर उतरवली. गंमत म्हणजे ती ब्युइकसाठी नव्हतीच. कॅडिलॅकचा 'लासाल' नावाचा धाकटा ब्रँड १९४०मध्ये बंद पडला होता, तो या गाडीतून जिवंत करायचा बेत होता. पण कॅडिलॅकला नव्या गाडीची गरज वाटली नाही, कारण आहेत त्याच हातोहात खपत होत्या. मग कंपनीच्या बाकीच्या विभागांत चढाओढ लागली आणि ब्युइकने जाहिरात एजन्सीला हाताशी धरून बाजी मारली. पहिल्या वर्षी मुद्दाम ४०,००० गाड्याच काढल्या. जास्त मिळेनाशी झाली की जास्त हवीशी वाटते, हे तेव्हाही माहीत होतं!

लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्री? ती तर उघड उघड मिसळ. फोर्डच्या ली आयकोकाने डिझायनरला सांगितलं, थंडरबर्डला रोल्स-रॉइसची जाळी लावा. १९६८मध्ये गाडी बाजारात आली आणि तुफान चालली. १९६६च्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडोमध्ये लपणारे हेडलाइट आणि पुढच्या चाकांना ताकद, या दोन्ही गोष्टी तीस वर्षांपूर्वीच्या कॉर्ड गाडीची थेट आठवण करून देणाऱ्या होत्या. आणि कॅडिलॅकचे ते पंख? ते चक्क विमानाचे! लॉकहीडच्या पी-३८ लढाऊ विमानाच्या दुहेरी शेपटीने हार्ले अर्लच्या टीमला वेड लावलं आणि १९४८च्या कॅडिलॅकला मागे दोन छोटे उंचवटे आले. अकरा वर्षांत त्यांची सुरी झाली, आणि १९६५पर्यंत सगळा प्रकार आटोपलाही.

म्हणजे उचलेगिरी हा दोष नव्हताच. माझ्या स्केचमध्ये काय नव्हतं, तर एक नजर. मिचेलने रोल्स-रॉइसकडून पंखवाली परी घेतली नाही, देवळासारखी जाळी घेतली नाही. त्याने टपाची फक्त एक कड घेतली.

दुसरा डाव

या वेळी मैत्रीण म्हणाली, आधी दागिने नाहीत. आधी हाडं.

हाडांसाठी आमचं एकमत लगेच झालं : १९५६ची कॉन्टिनेन्टल मार्क टू. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी लगेच फोटो शोधा, मी थांबते. १९५६ म्हणजे अमेरिकेत क्रोमचा पूर आलेला. प्रत्येक गाडीच्या अंगावर किलोकिलोने दागिने. आणि त्या गर्दीत ही एक शांत, लांब, बसकी गाडी. पंख नाहीत, दोन रंगांचे पट्टे नाहीत, बाजूचा पत्रा जवळपास कोरा. लांबलचक बॉनेट, टप मागे सरकलेला, डिकी आखूड. किंमत जवळपास १०,००० डॉलर. तेवढ्यात साध्या फोर्डच्या चार-पाच गाड्या आल्या असत्या. दोन मॉडेल वर्षांत साधारण ३,००० बनल्या आणि फोर्डने या गाडीवर पैसे कमावले नाहीत, गमावले. एल्विस प्रेस्लीकडे होती, फ्रँक सिनात्राकडे होती.

या गाडीमागची गोष्ट घरगुती आहे. हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल याने १९३९मध्ये डिझायनर बॉब ग्रेगरीकडून स्वतःच्या फ्लोरिडाच्या सुट्टीसाठी एक खास गाडी बनवून घेतली. मित्रांनी ती पाहिली, 'आम्हालाही हवी' म्हणाले आणि त्यातून पहिली लिंकन कॉन्टिनेन्टल जन्मली. एडसेल १९४३मध्ये गेला. मार्क टू ज्या विभागाने बनवली, त्याचा प्रमुख होता एडसेलचा धाकटा मुलगा विल्यम क्ले फोर्ड. वडिलांची गाडी मुलाने पुन्हा काढली म्हणा ना.

टप आणि बाजू रिव्हिएराची, १९६३ची. दरवाजाच्या काचेला चौकटच नाही. काच खाली केली की मधला खांबही नाही, थेट मोकळं. बघताना वाटतं, टप हवेत ठेवलाय.

नाकासाठी मात्र वाद झाला. तिला हवी होती स्टुडबेकर अवांती. रेमंड लोवीने पाम स्प्रिंग्जमध्ये घर घेऊन तीन सहकाऱ्यांना कामाला बसवलं, आठवड्यांच्या हिशेबात डिझाइन उभं केलं आणि १९६२मध्ये गाडी जगासमोर आली. पुढे जाळीच नाही, हवा बंपरच्या खालून घेते. आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांचे बिनजाळीचे चेहरे बघा आणि मग अवांती बघा. कमाल आहे! पण मार्क टूच्या लांब बॉनेटवर अवांतीचं नाक ठेवलं, की मोठ्या माणसाच्या धडावर लहान मुलाचा चेहरा दिसायला लागला. शेवटी मी जिंकले : १९३६ची कॉर्ड ८१०.

कॉर्ड हे प्रकरणच अजब. नोव्हेंबर १९३५मध्ये न्यूयॉर्कच्या ऑटो शोमध्ये ती आली, तेव्हा लोक ती दिसावी म्हणून शेजारच्या गाड्यांच्या बंपरवर चढले होते. तेव्हा गाड्यांना पुढे उभी जाळी आणि दोन बाजूंना बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असायचे. कॉर्डला जाळी नाही, शवपेटीसारखं चौकोनी नाक आणि त्याला गुंडाळलेल्या आडव्या पट्ट्या. दिवे तर दिसतच नाहीत, ते मडगार्डात लपलेले. ही कल्पना विमानाच्या लँडिंग लाइटवरून घेतलेली. ते बाहेर काढायला डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल. रात्र झाली की एक हँडल फिरवायचं, मग पलीकडे वाकून दुसरं! या गाडीच्या जेमतेम तीन हजारांच्या आत प्रती बनल्या आणि १९३७मध्ये कंपनीच्या मोटारी संपल्या.

आता इथे मला जे सापडलं त्याने मी खुर्चीवरून उठलेच. कॉर्डचा डिझायनर गॉर्डन ब्यूरिग पुढे फोर्डमध्ये गेला आणि कॉन्टिनेन्टल मार्क टूच्या बॉडीच्या इंजिनिअरिंगवर त्याने काम केलं. म्हणजे आमच्या गाडीचं नाक आणि हाडं, मध्ये वीस वर्षं गेली तरी, एकाच माणसाच्या हाताखालून गेलेली!

आतल्या गोष्टींवर फार वेळ घालवला नाही. अवांतीची बटणं घेतली, विमानासारखी समोरच्या काचेच्या वर, छताला (मैत्रिणीची समजूत काढायला). मार्क थ्रीचं कार्तिएचं घड्याळ. १९६१च्या थंडरबर्डचं स्टिअरिंग, जे गाडी पार्कमध्ये असताना बाजूला सरकतं म्हणजे उतरताना पोट अडकत नाही. आणि १९५७च्या एल्डोराडो ब्रूअममधले लोहचुंबकाने चिकटणारे ग्लास. त्या गाडीची किंमत होती १३,०७४ डॉलर, टप स्टेनलेस स्टीलचा, सोबत अत्तराची बाटलीसुद्धा. इतका चोचलेपणा की रागही येत नाही.

इंजिनावर मात्र आमचं भांडण आजही मिटलेलं नाही. ती म्हणते इलेक्ट्रिक. मी म्हणते, मग त्या लांब बॉनेटखाली काय ठेवणार, पापड? ते बॉनेट लांब होतं कारण खाली खरंच एक धूड होतं. रिव्हिएराचं ४०१ क्युबिक इंचाचं व्ही-एट म्हणजे सहा लिटरच्याही वर. पेट्रोलचा हिशेब विचारू नका. ती विचारतेच.

आणि मग डिकी

पुढून गाडी क्लास दिसत होती. मागे येऊन सगळं अडलं. मला माझी बोटीची शेपूट सोडवत नव्हती. तिचाही वंश मोठा : १९३५चा ऑबर्न स्पीडस्टर, तोही ब्यूरिगचाच. त्याच्या डॅशबोर्डवर एक पट्टी असायची, ही गाडी ताशी शंभर मैलांच्या वर पळवून पाहिली आहे अशी, धावपटू ड्रायव्हर एब जेन्किन्सच्या सहीची. तीच निमुळती शेपूट १९७१मध्ये रिव्हिएराला आली. पण ती शेपूट मागते उतरता टप, आणि आम्ही घेतलेला टप होता ताठ, इस्त्री केलेला. दोन्ही एकत्र येईचनात. तीन दिवस ट्रेसिंग पेपर फाडले.

शेवटी कागद घेऊन चेंबूरला आजोबांकडे गेले. माझे आजोबा ८८ वर्षांचे. तरुणपणी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते. आपल्याकडे या गाड्या नुसत्या सिनेमातून आलेल्या नाहीत बरं का. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात प्रीमियरने क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. आजोबा आजही बंद दरवाजाच्या आवाजावरून गाडीचं मत सांगतात.

त्यांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं. ''टप छान आहे गं. पण स्टेपनी कुठं?''

''आजोबा, ही स्वप्नातली गाडी आहे.''

''मग? स्वप्नात पंक्चर होत नाही वाटतं?''

मी हसले आणि हसता हसता थांबले. मार्क टूच्या डिकीवर एक गोल उंचवटा असतो, आत चाक असल्यासारखा. मी तो दागिना समजून पहिल्याच दिवशी खोडला होता. पण मार्क टूमध्ये त्या उंचवट्याखाली खरोखरच स्टेपनी असते! पहिल्या कॉन्टिनेन्टलला स्टेपनी मागे बाहेर उभी होती, तिची ती खूण. पुढे मार्क थ्रीमध्ये उंचवटा राहिला आणि आतलं चाक दुसरीकडे गेलं. तिथे तो नुसता नखरा झाला. बोटीची शेपूट गेली, उंचवटा आला. खूप जिवावर आलं, खरं सांगते. पण मागचा भाग एका रात्रीत बसला. वर १९६५च्या थंडरबर्डचे मागचे दिवे लावले, वळताना आतून बाहेर एकामागून एक पेटत जाणारे. तेवढी चैन आजोबांनी मान्य केली.

पण हे खरंच कुणी करतं?

करतं म्हणजे? कॅलिफोर्नियात तर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू आहे. बॉब हिरोहाता नावाच्या जपानी-अमेरिकन तरुणाने जवळजवळ नवी १९५१ची मर्क्युरी कूपे १९५२मध्ये बॅरिस बंधूंच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी टप कापून खाली आणला, मधला खांब काढला, बाजूला ब्युइकची पट्टी वाकवून बसवली, मागे लिंकनचे दिवे लावले आणि हिरव्या रंगाच्या दोन छटांनी ती रंगवली. 'हिरोहाता मर्क' म्हणून ती दंतकथा झाली. १९५९मध्ये एका शाळकरी पोराने ती ५०० डॉलरला घेतली आणि जन्मभर सांभाळली. जानेवारी २०२२मध्ये लिलावात तिला २१ लाख डॉलरच्या वर किंमत आली.

झेडझेड टॉपच्या बिली गिबन्सने १९८९मध्ये १९४८ची कॅडिलॅक घेऊन 'कॅडझिला' बनवून घेतली. चित्र लॅरी एरिक्सनचं, पत्रा बॉइड कॉडिंग्टनच्या गॅरेजचा. खुद्द ब्युइकने शंभरीसाठी 'ब्लॅकहॉक' केली : जाळी १९३९ची, इंजिन १९७०चं ४५५ क्युबिक इंचाचं. २००९च्या लिलावात ती ५,२२,५०० डॉलरला गेली. आणि कॅलिफोर्नियातल्या एन-टू-ए मोटर्सने तर नावातच रेसिपी सांगितली. गाडीचं नाव '७८९', म्हणजे पुढचा भाग १९५७च्या शेव्हरोलेचा, मधला १९५८चा, मागचा १९५९चा आणि खाली नवीकोरी कॉर्व्हेट. मला ती फारशी आवडत नाही. प्रत्येक भाग 'मला ओळख, मला ओळख' म्हणून ओरडतो. हिरोहाताच्या गाडीत ब्युइकची पट्टी कुठली हे कुणी सांगितल्यावर कळतं. फरक आहे.

आता यातला काट्याचा भाग. १९५२मध्ये मर्क्युरी कापली तर बिघडलं नाही, कारखान्यातून रोज नवीन येत होत्या. आज आमचं चित्र खरं करायचं म्हटलं आणि कुणी एक चांगली मार्क टू करवतीखाली घातली, तर तीन हजारांतली एक कायमची गेली. ब्यूरिगची कॉर्ड कापणं तर विचारच नको. म्हणून आम्ही ठरवलंय : जुन्या गाडीला हात लावायचा नाही. स्कॅन करून मापं घ्यायची, साच्यावर नवा पत्रा ठोकायचा, खाली चेसिस अशाच एखाद्या गंजून गेलेल्या, कुणालाच नको असलेल्या गाडीची.

आणि हो, हे सगळं तिकडेच. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, पण वाट निघते. तिथे २०१५च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५पर्यंत जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती विकायची सूट दिली, मात्र ती पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या गाडीसारखी दिसली पाहिजे. आमची चार गाड्यांसारखी दिसते! आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कारखान्यातून आलेल्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत. तेव्हा कुर्ल्याच्या सिग्नलला आमची गाडी दिसणार नाही.

तसं पाहिलं तर तिकडच्या सिग्नलालाही ही जात आता दिसत नाही. लिंकनची मार्क मालिका १९९८मध्ये थांबली, रिव्हिएरा १९९९मध्ये, एल्डोराडो २००२मध्ये, थंडरबर्ड २००५मध्ये. ओल्ड्समोबिल तर ब्रँडच २००४मध्ये बंद झाला. लोकांना चार दारं हवी होती, उंच सीट हवी होती, मुलांच्या सीटचे पट्टे वाकून लावायचा कंटाळा आला होता. कुणाला दोष देणार? मलाही वीकेंडला सगळ्यांचं सामान घेऊन निघायचं असेल तर एसयूव्हीच लागते.

हे आजोबांना सांगत होते, तर ते मध्येच म्हणाले, ''म्हणजे मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवावी लागणार?''

''हो आजोबा.''

''मग मी मागे बसणार नाही. माझे गुडघे बघ.''

पुढची सीट त्यांची, असं लिहून घेतलंय कागदावर. रंग अजून ठरलेला नाही. मैत्रिणीला हिरोहाताचा हिरवा हवाय, मला गडद निळा. आजोबा म्हणतात काळा, कारण काळ्यावर डेंटिंगची चूक लपत नाही, कारागीर कसा आहे ते लगेच कळतं.